शेवटची तारीख वर घ्या!



आमच्या वस्तीतील एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला आणि त्यात चूक आमची होती. ती चूक कशी झाली आणि ती दुरुस्त करताना आम्ही काय शिकलो, एवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

नंदुरबार शहरातील आमच्या वस्तीत एक छोटे वाचनालय आहे. त्याच्या वतीने आम्ही चार-पाच कार्यकर्ते बातम्यांचे एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. दिवसा नोकरी आणि रात्री जेवणानंतर तासभर संगणकापुढे, असा हा उद्योग आहे. नोकरभरतीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीच्या सूचना, आरोग्य शिबिरे, जयंतीचे कार्यक्रम, दहावी-बारावीला मुलांनी मिळवलेले यश, असा मजकूर त्यावर असतो. दुवे व्हॉट्सॲपवर फिरतात. कामासाठी सुरतेकडे गेलेली आमची माणसेही ते तिथे बसून वाचतात.

शिष्यवृत्तीची ती सूचना आम्हीच टाकली होती. मथळा मोठा आणि ठळक होता. त्याच्या खाली तारीख होती २५ सप्टेंबर. त्याखाली योजनेची ओळख करून देणाऱ्या चार ओळी आणि मग ‘पुढे वाचा’. अर्जाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर होती, पण ती ‘पुढे वाचा’च्या पलीकडे, तिसऱ्या परिच्छेदात होती. मूळ परिपत्रक छायाचित्राच्या रूपात जोडलेले होते. ते इतके जड होते की साध्या मोबाइलवर उघडता उघडत नव्हते.

मुलीने बातमी पाहिली. सूचना नुकतीच निघाली आहे, म्हणजे अजून वेळ असणार, असे तिला वाटले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पुस्तक असे सारे कागद जमवून ती ३ ऑक्टोबरला वाचनालयात आली. मुदत संपली आहे हे आम्ही सांगितले तेव्हा ती रडली नाही की भांडली नाही. एवढेच म्हणाली, “काका, ही तारीख वर का नव्हती?”

आम्ही बी.कॉम. शिकलो आहोत, वीस वर्षे कारकुनी केली आहे, शेकडो अर्ज भरून दिले आहेत. तरी या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. बातमी खरी होती, मजकूर बरोबर होता, शुद्धलेखनही ठीक होते. मग चुकले काय? चुकला होता तो साचा. तो आम्ही कधी उघडूनही पाहिला नव्हता. संकेतस्थळासोबत जसा आला तसाच वापरत होतो.

साचा म्हणजे काय?

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये आपण सगळेच गेलो आहोत. वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, मध्ये वधू-वरांची नावे, खाली स्थळ, वेळ आणि निमंत्रकांची यादी. दर लग्नाला प्रेसवाला नवी पत्रिका घडवत नाही. त्याच्याजवळ तयार आखणी असते. तो फक्त नावे, तारीख आणि स्थळ बदलतो. ही आखणी म्हणजे साचा. संगणकाच्या भाषेत त्याला टेम्प्लेट म्हणतात.

वृत्तपत्रालाही साचा असतोच. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्याच्या शिरोभागी तुकोबांची अभंगवाणी होती. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. अंकागणिक मजकूर बदलणार, पण शिरोभागी काय राहणार हे संपादकाने विचार करून ठरवलेले होते. कायम काय ठेवायचे, बदलते काय ठेवायचे आणि वाचकाची नजर आधी कशावर पडावी, हे ठरवणे म्हणजेच साचा ठरवणे.

बातम्यांच्या संकेतस्थळामागे एक आज्ञावली काम करते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. आपण मथळा एका रकान्यात भरतो, मजकूर दुसऱ्यात, विभाग तिसऱ्यात. स्क्रिप्ट हे सारे साठवून ठेवते. वाचकाने पान उघडले की ती साठ्यातून बातमी काढते, साच्यात ओतते आणि तयार पान त्याच्या मोबाइलवर पाठवते. बातमी आणि साचा अशा रीतीने वेगवेगळ्या जागी राहतात. त्यामुळे साच्यात एक ओळ बदलली की जुन्या-नव्या सगळ्या बातम्या त्या बदलासह दिसू लागतात. फायदा मोठा आहे, पण चूकही तशीच पसरते. आमच्या साच्यात शेवटच्या तारखेला जागा नव्हती, म्हणून आमच्या एकाही सूचनेत ती वर दिसत नव्हती.

कंसातल्या शब्दांची कामगिरी

आम्ही सुरुवात केली ती ‘क्यूटन्यूज’ नावाच्या स्क्रिप्टने. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. ती बातम्या साध्या फायलींत साठवत असे, वेगळा डेटाबेस लागत नसे. त्यामुळे एके काळी छोट्या संस्थांच्या संकेतस्थळांवर ती बरीच दिसे. तिचा साचा पाहिला की टेम्प्लेटचे गुपित लगेच कळते. साच्यात साधी मांडणी असते आणि अधूनमधून महिरपी कंसात काही शब्द लिहिलेले असतात. टायटल म्हणजे मथळा, डेट म्हणजे तारीख, ऑथर म्हणजे लेखक, शॉर्ट-स्टोरी म्हणजे थोडक्यात बातमी, फुल-स्टोरी म्हणजे पूर्ण बातमी. हे शब्द इंग्रजी लिपीत असतात. स्क्रिप्ट कंस पाहते, त्या जागी खरा मजकूर ठेवते आणि कंस गळून पडतो. छापील अर्जातील तुटक रेघेवर आपण नाव लिहितो, तसेच हे आहे.

एकाच बातमीसाठी साचे एकाहून अधिक लागतात. यादीत दिसणाऱ्या छोट्या बातमीचा एक आणि उघडल्यावर दिसणाऱ्या पूर्ण बातमीचा दुसरा. नुसत्या मथळ्यांची यादी हवी असेल तर तिसरा. नवशिक्या माणसाची पहिली फसगत इथेच होते. तो पूर्ण बातमीचा साचा बदलतो आणि पहिल्या पानावर काहीच कसे बदलले नाही म्हणून डोके धरून बसतो. आम्हीही दोन रात्री असेच बसलो होतो.

पुढे आम्ही ‘वर्डप्रेस’वर आलो. २००३ साली सुरू झालेली ही व्यवस्था मोफत आहे, तिची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता-बदलता येते आणि तिचा कारभार मराठीतून करता येतो. तिथे साचा एका फाइलीत नसून अनेक फायलींत वाटलेला असतो. शिरोभागाची एक फाइल, पायथ्याची एक, यादीची एक, एका बातमीची एक. या सगळ्यांच्या संचाला ‘थीम’ म्हणतात. अलीकडच्या थीममध्ये पडद्यावर ठोकळे सरकवूनही मांडणी बदलता येते. तत्त्व मात्र तेच राहते. मजकूर वेगळा आणि त्याची चौकट वेगळी.

आपल्याच जिल्ह्याच्या पानावरचा धडा

मुलीच्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ होतो. मग इतरांनी सूचना कशा मांडल्या आहेत ते पाहू लागलो. उत्तर फार लांब नव्हते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. या जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेवर उभे आहे. देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे या एकाच व्यवस्थेवर तयार होतात. म्हणून नंदुरबारचे पान उघडा, धुळ्याचे उघडा किंवा जळगावचे, ओळखीचा चेहरा दिसतो. रंग वेगळा, वरची छायाचित्रे वेगळी, मजकूर ज्या त्या जिल्ह्याचा, पण हाडांचा सापळा एकच. अक्षर लहान-मोठे करण्याची सोय, कमी दिसणाऱ्यांसाठी रंग बदलण्याची सोय, मराठी-इंग्रजी अदलाबदल हे सारे साच्यातच बसवलेले असते. प्रत्येक जिल्ह्याच्या कर्मचाऱ्याला ते नव्याने करावे लागत नाही. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली. ती पाळण्याचे पुष्कळसे काम असा सामाईक साचाच करून टाकतो.

त्या व्यवस्थेतील सूचनांचे पान पाहा. तिथे तक्ता असतो. शीर्षक, वर्णन, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि संचिका असे त्याचे रकाने असतात. संचिकेच्या पुढे ती किती मोठी आहे तेही लिहिलेले असते. मुदत संपलेल्या सूचनांसाठी जुन्या नोंदींचा वेगळा संग्रह असतो. हे पाहून आम्ही कपाळावर हात मारला. कचेरीत आम्ही रोज आवक-जावक नोंदवही भरतो. तिच्यात आलेल्या तारखेचा रकाना वेगळा आणि निकाली निघाल्याचा वेगळा असतो. नोंदवहीत जे शहाणपण आम्ही रोज पाळत होतो, ते आमच्याच संकेतस्थळावर नव्हते!

आम्ही काय बदलले?

पहिला बदल नावाचा. मथळ्याखाली नुसती तारीख छापणे बंद केले. आता तिथे ‘बातमी टाकल्याची तारीख’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि ते बारीक अक्षरात असते. उघडी तारीख वाचक आपल्या सोयीने समजून घेतो. कोणी तिला कार्यक्रमाची समजतो, कोणी मुदतीची.

दुसरा बदल रकान्यांचा. वर्डप्रेसमध्ये नेहमीच्या रकान्यांशिवाय आपले रकाने जोडता येतात. आम्ही सूचनांसाठी चार जोडले: शेवटची तारीख, कोणासाठी, कुठे जायचे आणि कोणते कागद लागतील. साच्यात त्यांची चौकट मथळ्याच्या लगेच खाली ठेवली, मजकुराच्या आधी. यादीच्या साच्यातही शेवटची तारीख घेतली, म्हणजे ‘पुढे वाचा’ न दाबणाऱ्यालाही ती दिसते. रकाना रिकामा असेल तर त्याचे नावही दिसू नये, अशी अट साच्यात घातली. नाहीतर जयंतीच्या बातमीखाली ‘शेवटची तारीख’ अशी ओसाड पाटी लटकत राहते.

तिसरा बदल मुदतीचा. साचा आजची तारीख आणि शेवटची तारीख ताडून पाहतो. मुदत उलटली असेल तर चौकटीत ‘मुदत संपली’ असे येते आणि ती सूचना यादीच्या तळाला जाते. यात दोन खाचखळगे आहेत. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर चालते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. घड्याळ भारतीय वेळेवर लावले नाही, तर आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावरही पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. दुसरे म्हणजे, पाने लवकर उघडावीत म्हणून काही संकेतस्थळे तयार पानाची प्रत साठवून तीच दाखवत राहतात. ती प्रत दररोज नवी होईल याची काळजी घेतली नाही, तर मुदत संपलेली सूचना ताजी म्हणून दिसत राहते.

चौथा बदल परिपत्रकाचा. कागदाचे छायाचित्र चिकटवून मोकळे होणे सोडले. परिपत्रकातील कामाच्या गोष्टी आम्ही टंकून घेतो आणि मूळ कागद खाली दुव्याने देतो. दुव्याशेजारी तो किती मोठा आहे ते लिहितो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरपाड्यांत मोबाइलला रेंज धरण्यासाठी माणसे टेकडीवर जातात. त्यांना आठ पानांचे जड छायाचित्र पाठवणे म्हणजे बातमी न पाठवणेच होय. शिवाय छायाचित्रातील अक्षरे शोधून सापडत नाहीत आणि अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनालाही ती सहजी वाचता येत नाहीत.

मराठी अक्षरांचे स्वतःचे प्रश्न

तयार साचे बहुतेक इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले असतात. ते मराठीला तसेच्या तसे चढवले, तर दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखे होते.

जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी मराठी संकेतस्थळ पाहायचे तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे. फाँट नसला की पानभर अगम्य चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण घरोघरच्या संगणकांत आणि मोबाइलमध्ये ती रुळायला पुढे बरीच वर्षे गेली. आज युनिकोडमुळे तो जाच संपला आहे. साच्यात मात्र दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. अक्षरांची पद्धत ‘यूटीएफ-आठ’ आहे ही एक, आणि पानाची भाषा मराठी आहे ही दुसरी. भाषा इंग्रजी अशी नोंद तशीच राहिली, तर वाचून दाखवणारे साधन मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडते. मग अंध वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

यूटीएफ-आठमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. ‘स्त्री’ हा शब्द आपल्याला एका अक्षराचा वाटतो, पण संगणकाला त्यात सहा चिन्हे दिसतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. म्हणजे अठरा बाइट! यादीत थोडक्यात बातमी दाखवण्यासाठी काही जुने साचे मजकूर बाइट मोजून कापतात. २०० बाइटवर कात्री चालली की ६६ चिन्हे पूर्ण जातात आणि सदुसष्टाव्याचे तुकडे होतात. आमच्या बातम्यांच्या शेवटी पूर्वी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दिसे ते यामुळेच. उपाय सोपा आहे, शब्द मोजून कापावे. वर्डप्रेस आपण होऊन पहिले ५५ शब्द घेते. तरीही कामाची गोष्ट यंत्राच्या कात्रीवर न सोडता सारांश आपणच दोन ओळींत लिहावा, असे आमचे अनुभवाचे सांगणे आहे.

इंग्रजी साच्यात मथळा भारदस्त दिसावा म्हणून अक्षरांत अंतर सोडलेले असते. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसते. ते अंतर शून्य करावे. दोन ओळींतले अंतर मात्र वाढवावे, कारण आपल्या वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली उतरतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर आम्हाला ठीक वाटले. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवण्याचा मोह टाळावा. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आपले लांब शब्द ओळीत मावत नाहीत आणि मध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. ‘नोटो’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ असे चांगले देवनागरी फाँट मोफत मिळतात. एकच घ्यावा, फार तर दोन जाडीत. प्रत्येक फाँट वाचकाच्या मोबाइलवर उतरावा लागतो आणि त्याचे पैसे वाचकच मोजतो.

महिन्यांची नावेही तपासावीत. स्क्रिप्टने ‘सप्टेंबर’ इंग्रजीत छापला तर शिकलेल्याला अडत नाही, पण आमच्या सगळ्याच आया-मावश्यांना ते वाचता येत नाही. वर्डप्रेसमध्ये भाषा मराठी केली की नावे मराठी होतात. साध्या स्क्रिप्टमध्ये बारा महिन्यांची यादी आपणच लिहून द्यावी लागते.

फिरणारी छोटी चौकट

आमचे बहुतेक वाचक पहिल्या पानावरून येत नाहीत, ते व्हॉट्सॲपवरच्या दुव्यातून येतात. दुवा पाठवला की त्याबरोबर एक छोटी चौकट दिसते. तिच्यात चित्र, मथळा आणि एक-दोन ओळी असतात. हा मजकूर व्हॉट्सॲप स्वतः रचत नाही. आपल्या साच्याच्या शिरोभागात, वाचकाला न दिसणाऱ्या ओळींत तो लिहिलेला असतो, तिथून तो उचलला जातो. त्या ओळी नसतील किंवा सगळ्या बातम्यांना सारख्याच असतील, तर प्रत्येक दुव्यासोबत संस्थेचे नाव आणि बोधचिन्ह तेवढे फिरते.

आम्ही साच्यात अशी सोय केली की सूचनेच्या वेळी त्या दोन ओळींत पहिली गोष्ट शेवटची तारीख असावी. सुरतेत कामावर उभा असलेला बाप दुवा उघडणार नाही कदाचित, पण तारीख वाचेल आणि संध्याकाळी घरी फोन करून विचारील, “पोरीचा अर्ज भरला का?” एवढे झाले तरी आमच्या साच्याने आपले काम केले.

हात घालण्यापूर्वी

आमच्या वाचनालयात येणाऱ्या तरुण मुला-मुलींना हे काम शिकण्याचा उत्साह आहे. त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

मूळ साच्याची प्रत काढल्याशिवाय एक अक्षरही बदलू नये. वर्डप्रेसमध्ये मूळ थीमला हात न लावता तिची ‘चाइल्ड थीम’ करावी आणि बदल तिच्यात ठेवावेत. मूळ थीमची नवी आवृत्ती आली की तिच्यात केलेले बदल पुसले जातात. महिनाभराची मेहनत एका रात्रीत गेलेली आम्ही पाहिली आहे. शक्यतो आधी घरच्या संगणकावर सराव करावा. त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या मोफत आहेत.

एका वेळी एकच बदल करावा आणि पाहावा. तपासण्यासाठी मुद्दाम अवघड बातम्या घ्याव्यात. एक चार ओळींच्या मथळ्याची, एक चित्र नसलेली, एक रिकाम्या रकान्यांची. चांगल्या बातमीवर कोणताही साचा चांगलाच दिसतो, खरी परीक्षा अडचणीच्या बातमीवर होते.

जुनी स्क्रिप्ट वापरात असेल तर सावध राहावे. क्यूटन्यूजच्या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्या, त्यातून परका माणूस आत शिरू शकतो. स्क्रिप्ट, थीम, जोड-आज्ञावल्या सगळे अद्ययावत ठेवावे. कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून फुकट मिळालेली ‘विकतची’ थीम तर मुळीच वापरू नये. तिच्यात काय लपवलेले असेल सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी साच्याइतकीच मनावर घ्यावी. लाभार्थ्यांच्या याद्या टाकताना मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते हे कधीही छापू नये. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार कार्डे आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिली गेली. त्या क्रमांकाची राखण कशी करावी, हेही आपल्याच जिल्ह्याने दाखवून द्यावे. साच्यात असा रकानाच ठेवू नये, म्हणजे कोणी चुकूनही भरणार नाही.

शेवटची परीक्षा

साचा तयार झाल्यावर तो आम्ही जाणकारांना दाखवला नाही. आमच्या घरातच दाखवला. आमच्या मातोश्री चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांच्या हाती मोबाइल दिला, एक सूचना उघडली आणि विचारले, “आई, कधीपर्यंत जायचे?” त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचले आणि तारीख सांगितली. मग विचारले, “कुठे जायचे?” तेही सांगितले. “कोणते कागद न्यायचे?” इथे अडल्या. कागदांची नावे आम्ही एका ओळीत स्वल्पविराम देऊन कोंबली होती. त्याच रात्री साचा पुन्हा उघडला आणि एका ओळीवर एक कागद असे केले. दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी सगळे कागद मोजून दाखवले.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. म्हणजे शंभरातील चौसष्टांना वाचता येत होते, आणि त्यांतही अडखळत वाचणारे पुष्कळ. घरी कोणी अहिराणी बोलतो, कोणी भिलोरी, कोणी पावरी. अशा जिल्ह्यात बातमी लिहिणाऱ्याने ‘आम्ही छापले होते, लोकांनी वाचले नाही’ असे म्हणून हात झटकणे बरे नव्हे. कचेरीच्या भिंतीवर कोपऱ्यात, दाराआड चिकटवलेल्या नोटिशीवर आपण रागावतो. मग तीच नोटीस आपण मोबाइलच्या पडद्यावर ‘पुढे वाचा’च्या आड चिकटवायची काय?

त्या मुलीचे ते वर्ष शिष्यवृत्तीविना गेले. तिच्या आईने धुण्या-भांड्यांची दोन घरे वाढवली आणि शिक्षण थांबू दिले नाही. पुढच्या वर्षी सूचना निघाली तेव्हा रकाने भरायला आम्ही त्या मुलीलाच बसवले. तिने सगळ्यांत आधी शेवटची तारीख भरली, मग मथळा लिहिला. आम्ही विचारले, “असे उलटे का?” ती म्हणाली, “काका, हेच सुलटे आहे.”

आता वाचनालयात सूचना टाकण्याचे काम तिच्याकडेच आहे. तुमच्या गावात, तुमच्या मंडळाचे असे एखादे संकेतस्थळ असेल तर आज रात्री ते मोबाइलवर उघडून पाहा. घरातल्या कमी शिकलेल्या माणसाच्या हाती द्या आणि एकच विचारा, “कधीपर्यंत जायचे?” उत्तर चटकन मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर साचा उघडा आणि तारीख वर घ्या.

जय भीम!